“बाई काय करते?” “काही नाही, घरीच असते!” : मारिया मीस आणि न मोजलेल्या श्रमाचा इतिहास

जनगणनेचा माणूस दारात येतो. घरातल्या पुरुषाला विचारतो, “बाई काय करते?” उत्तर येते, “काही नाही, घरीच असते.” तो कागदावर खूण करून पुढच्या दाराकडे वळतो. बाईने मात्र त्या दिवशी पहाटे पाणी भरलेले असते, भाकरी थापलेल्या असतात, पोरांना शाळेत धाडलेले असते, सासूचे औषधपाणी बघितलेले असते आणि दुपारी बसून शेकडो विड्या वळलेल्या असतात. तरी ती “काही करत नाही.”

या “काही नाही” मागे एक अख्खे अर्थशास्त्र दडलेले आहे. ते उकलण्यात एका जर्मन बाईने आपले आयुष्य घालवले. तिचे नाव मारिया मीस. 15 मे 2023 रोजी, वयाच्या 92व्या वर्षी ती वारली. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना मार्क्स माहीत असतो, रोझा लक्झेंबर्गचे नाव कानावर असते, पण मारिया मीस फार थोड्यांना माहीत असते. ही बाई पुण्यात पाच वर्षे राहिली, शहाद्याच्या आदिवासी चळवळीवर तिने लिहिले आणि तिचे सगळ्यात महत्त्वाचे संशोधन भारतातल्या गरीब बायकांच्या हातकामावर उभे राहिले. म्हणजे तिच्या विचाराचा कच्चा माल इथला आहे. मग तो विचार आपण का वाचू नये?

विद्यापीठाच्या खातेवहीत ती समाजशास्त्राची प्राध्यापक होती. पण तिने विचारलेले प्रश्न राजकीय अर्थशास्त्राचे होते. राबते कोण? त्या राबण्याचा दाम कोण ठरवतो? वरकड कोणाच्या खिशात जाते? आणि कोणाचे राबणे “काम” या शब्दातच बसू दिले जात नाही? आम्हाला तिच्याकडून काय घ्यायचे आहे आणि कुठे तिच्याशी भांडायचे आहे, हे दोन्ही या लेखात मांडतो.

आयफेलमधली शेतकऱ्याची पोर

मारियाचा जन्म 6 फेब्रुवारी 1931 चा. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ, गरीब शेतीचा टापू आहे. तिथल्या एका छोट्या शेतकरी घरातल्या बारा भावंडांपैकी ती सातवी. गोठा, शेत, चूल आणि चर्च हेच तिचे लहानपणीचे जग. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि युद्ध संपले तेव्हा चौदा.

युद्धाच्या शेवटची एक आठवण तिने पुढे आपल्या लिखाणात सांगितली आहे. 1945 चा वसंत होता. जर्मन सैन्य हरून परतत होते आणि पुढे काय होणार, हे कोणालाच कळत नव्हते. तशात तिची आई घरातली डुकरीण घेऊन वराकडे गेली. लोकांना वाटले, हिला वेड लागले. जग बुडत असताना डुकरांची पैदास करणारी ही कोण? आईचा हिशेब साधा होता: जगणे थांबत नसते. डुकरिणीला बारा पिले झाली. युद्धानंतरच्या टंचाईत पैशाला किंमत उरली नव्हती, तेव्हा त्या पिलांच्या बदल्यात घरात कपडे आले, जोडे आले.

ही आठवण आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात, तहाच्या तारखा येतात. चौदा जणांचे घर जगवणारी ही बाई कुठल्याच हिशेबात येत नाही. मारियाच्या सगळ्या अर्थशास्त्राचे मूळ त्या गोठ्यात आहे. तिच्या विचाराची मर्यादाही त्याच गोठ्यात आहे, पण ते पुढे.

पुण्यातला जर्मनचा वर्ग

शिक्षण घेऊन मारिया शिक्षिका झाली. 1963 साली ती पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकवायला आली. शिकवता शिकवता तिला प्रश्न पडला, ही मुले जर्मन कशासाठी शिकत आहेत? मुलांचे उत्तर सरळ होते. त्यांना जर्मनीत जाऊन इंजिनिअरिंग शिकायचे होते. मुलींचे उत्तर वेगळे निघाले. शिकणे चालू आहे तोवर घरचे लग्नाचा तगादा लावत नाहीत, म्हणून त्यांतल्या कित्येक जणी वर्गात येत होत्या. जर्मन भाषा ही त्यांच्यासाठी लग्न पुढे ढकलायची सबब होती.

तिथून मारियाचा शोध सुरू झाला. भारतातली पितृसत्ता बघितल्यावर आपल्या देशातली पितृसत्ता आपल्याला दिसू लागली, असे तिने पुढे नमूद केले आहे. युरोपातून येणारे पुष्कळ विद्वान इथल्या बाईची कीव करतात आणि आपल्या घरी सगळे आलबेल आहे असे समजून परत जातात. मारिया परत गेली ती आपले घर तपासायला. 1960 च्या दशकाच्या शेवटी ती कोलोनला आली, समाजशास्त्र शिकली, रेने क्योनिग या नामवंत समाजशास्त्रज्ञाच्या हाताखाली भारतीय स्त्रियांवर प्रबंध लिहिला आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरेट मिळवली.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 1960 च्या दशकात पुण्यातल्या जर्मनच्या वर्गात कोणत्या घरातल्या मुली बसत असतील, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या प्रबंधातल्या बायका शहरातल्या, शिकलेल्या, शिक्षण आणि घर यांच्या ओढाताणीत सापडलेल्या. त्यांचे दुःख खरे होते, पण भारतीय बाई म्हणजे एवढीच बाई नव्हे. मारियाचे मोठेपण असे की ती तिथे थांबली नाही, खाली उतरत गेली. पुण्याच्या वर्गातून शहाद्याच्या शेतमजुरांकडे आणि तिथून नरसापूरच्या ओटीवर.

“आधी सिद्ध करा, बायका मार खातात!”

कोलोनमध्ये ती समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवत होती. 1976 च्या सुमारास तिने आणि तिच्या विद्यार्थिनींनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठी निवारा उभारायचा ठरवला. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले, अशा घराची गरज आहे हे आधी सिद्ध करा. आकडे कुठे आहेत?

आकडे कुठून असणार? मार खाणाऱ्या बाईची नोंदच कोणी करत नव्हते. ज्याची नोंद नाही ते घडतच नाही, हा सरकारी न्याय आपल्या चांगला परिचयाचा आहे. गटारात उतरणारा माणूस कागदावर नसतो, म्हणून त्याचा मृत्यूही कागदावर येत नाही. मारिया आणि तिच्या विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या. लोकांशी बोलल्या, सह्या गोळा केल्या, साक्षी जमवल्या, वर्तमानपत्रांना बातमी द्यायला लावली. नगरपालिकेला नमते घ्यावे लागले. कोलोनचे ते घर जर्मनीतल्या अगदी पहिल्या निवाऱ्यांपैकी एक.

या लढ्यातून 1978 साली तिने स्त्रीवादी संशोधनाची काही सूत्रे लिहिली. ती आज जगभर शिकवली जातात. थोडक्यात अशी: संशोधकाने तटस्थ असल्याचे सोंग करू नये, जाणीवपूर्वक बाजू घ्यावी. वरून खाली बघू नये, खालून बघावे. दुरून निरीक्षण करत बसू नये, लढ्यात सामील व्हावे. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाही त्या अभ्यासातून शहाणपण आणि बळ मिळाले पाहिजे. एखादी व्यवस्था समजून घ्यायची असेल तर ती बदलायला हात घाला, मग ती आपले खरे रूप दाखवते.

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा पद्धतीशास्त्राच्या तासाला तटस्थतेचे धडे पाठ केले. वस्तीत काम करायला लागल्यावर कळले की तटस्थतेचा कागद बहुतेक वेळा मालकाच्या बाजूने बोलतो. पण एक सावधगिरी हवी. बाजू घेणे म्हणजे पुरावा सोडणे नव्हे. कोलोनच्या बायकांनी घोषणाच दिल्या असत्या तर घर उभे राहिले नसते. त्यांनी बाजू घेतली आणि पुरावाही जमवला. आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि 1989 साली “आम्हीही इतिहास घडवला” हा ग्रंथ दिला. तो याच जातकुळीचा आहे. त्या दोघी हिंडल्या नसत्या तर आमच्या आज्यांची नावे कोणत्या दफ्तरात सापडली असती?

शहादा : मजुरी आणि मार एकाच प्रश्नात

1970 च्या दशकात मारिया पुन्हा महाराष्ट्राकडे वळली. तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात भिल्ल आदिवासींची चळवळ पेटली होती. आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या घशात गेलेल्या होत्या. जमिनीचे मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा आदिवासी नेता आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते एकत्र आले, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. मारियाने या चळवळीवर लिहिलेला दीर्घ लेख 1976 साली शेतकरी चळवळींचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

शहाद्याच्या बायका जमीन आणि मजुरीच्या लढ्यात पुढे होत्या. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी गावोगाव दारूचे मटके फोडले आणि बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. आधी वर्गाचा लढा, बाईचा प्रश्न नंतर बघू, ही पुस्तकी क्रमवारी त्यांनी मानली नाही. जमीनदाराने बुडवलेली मजुरी आणि नवऱ्याने दारूत घातलेली मजुरी, दोन्हींनी चूल विझतेच. त्या बायकांना हे समजायला कोणते पुस्तक लागले नाही. पुस्तक लिहिणाऱ्या मारियाला मात्र ते त्यांच्याकडून शिकावे लागले.

नरसापूर : सुईच्या टोकावरची जात

आता तिच्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाकडे येतो. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. या भागातल्या बायका क्रोशाच्या सुईने लेस विणतात. टेबलावरचे रुमाल, चादरींच्या कडा, जाळीदार फुले. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी हे काम गरीब धर्मांतरित ख्रिस्ती बायकांना शिकवले. त्यांत बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या. पुढे ते कापू या शेतकरी जातीतल्या गरीब घरांत पसरले. माल जात होता युरोपच्या बाजारात. 1970 च्या दशकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी मारियाने या बायकांचा अभ्यास केला आणि 1982 साली तो पुस्तकरूपाने आला.

कामाची रचना अशी होती. व्यापारी सूत देतो, दलाल ते घरोघर पोचवतो. एक बाई फुले विणते, दुसरी ती जोडते, तिसऱ्या घरी कड लागते. पूर्ण वस्तू कशी दिसते, ती कितीला विकली जाते, हे कोणत्याच बाईला कळत नाही. घरचे सगळे काम उरकून बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणत. मिळणारे पैसे इतके थोडे की त्याला मजुरी म्हणायची लाज वाटावी. हरितक्रांतीनंतर सधन शेतकऱ्यांच्या हाती पैसा खुळखुळू लागला, तो या धंद्यात आला. विणणाऱ्या बायका गरीबच राहिल्या, निर्यातदार पुरुष श्रीमंत झाले.

हे चालले कसे? मारियाचे उत्तर असे: या बायकांना कोणी कामगार मानतच नव्हते. व्यापारी म्हणे, “बायका घरी रिकाम्या बसतात, तेवढाच वेळ जातो.” सरकारी कागदावर त्या गृहिणी. आणि बायकाही म्हणत, “आम्ही घरीच असतो.” कामगार नाही म्हणून किमान वेतन नाही, संघटना नाही, कामाचे तास नाहीत. जागतिक बाजारासाठी माल काढणारी बाई कागदावर “रिकामी.” या प्रक्रियेला मारियाने नाव दिले गृहिणीकरण. बाईला आधी गृहिणी ठरवायचे, मग तिचे सगळे श्रम फुकट किंवा फुकटाच्या भावात घ्यायचे.

आमच्या वाचकांनी इथे थांबून नीट बघावे, कारण जातीचा मुद्दा इथे येतो. त्याच गावांत माला आणि मादिगा जातींच्या बायका शेतमजुरी करत होत्या. लेस विणणाऱ्या बाईपेक्षा या शेतमजूर बाईच्या हातात दिवसाकाठी जास्त पैसे पडत. ती उन्हात राबे, पण चारचौघींबरोबर राबे, आणि दर परवडला नाही तर सगळ्या मिळून कामावर जायचे नाकारू शकत. लेस विणणारी कापू बाई तिच्यापेक्षा गरीब होती, पण स्वतःला वरची समजत होती. का? कारण ती “घरात” होती. शेतात जाणारी बाई खालच्या जातीची, घरात बसणारी बाई इज्जतीची. या इज्जतीची किंमत ती रोज आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी चुकवत होती, आणि तिचा नफा निर्यातदार खात होता.

हे मारियाने नोंदवले. त्याचा पूर्ण अर्थ लावायला मात्र आम्हाला बाबासाहेबांकडे जावे लागते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नाने, आणि जातीतल्या जातीत लग्न टिकते ते बाईवर ताबा ठेवून. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या ताब्याची हत्यारे. “घरातली बाई” ही त्याच कारखान्यातली वस्तू आहे. मारिया सांगते की गृहिणी हा प्रकार युरोपातल्या भांडवली मध्यमवर्गाने घडवला आणि वसाहतींच्या काळात जगभर पसरवला. युरोपापुरते ते खरे असेल. पण नरसापूरच्या व्यापाऱ्याला बाईला घरात बसवायला कोणतीही मेहनत घ्यावी लागली नाही. ते काम जातीने शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. भांडवलाला घरात कोंडलेली बाई आयती मिळाली. भारतातल्या गृहिणीकरणाचा पहिला कारागीर जात आहे. मारियाच्या सिद्धांताला आम्ही जोडू इच्छितो ती ही ओळ.

हिमनगाचा पाण्याखालचा भाग

नरसापूरच्या अभ्यासानंतर मारियाने आपला सिद्धांत मांडला. 1979 पासून काही वर्षे ती नेदरलँड्समधल्या हेग शहरात होती. तिथल्या समाजविज्ञान संस्थेत “स्त्रिया आणि विकास” हा अभ्यासक्रम तिने उभा केला आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या विद्यार्थिनींना शिकवले. 1986 साली पितृसत्ता आणि जागतिक पातळीवरील भांडवल संचय यांवरचा तिचा मुख्य ग्रंथ आला.

या ग्रंथाची एक नाळ रोझा लक्झेंबर्गशी जुळते. रोझा पोलंडमध्ये ज्यू घरात जन्मली, झुरिचला 1897 साली अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली, जर्मन समाजवादी पक्षाच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवले. 1913 सालच्या भांडवल संचयावरच्या ग्रंथात तिने म्हटले की भांडवलशाही एकट्या कारखान्यावर वाढू शकत नाही. तिला सतत भांडवलाबाहेरचे जग लागते: शेतकरी, कारागीर, वसाहती. इंग्रजांनी भारतातल्या गावांच्या जमिनीची व्यवस्था कशी मोडली, हेही तिने त्यात लिहिले आहे. 15 जानेवारी 1919 रोजी बर्लिनमध्ये तिचा खून झाला.

मारिया आणि तिच्या सहकारी वेरोनिका बेनहोल्ट-थॉमसेन व क्लाउडिया फॉन वेर्लहोफ यांनी रोझाचा धागा पुढे नेला. भांडवलाला लागणारे ते बाहेरचे जग फक्त दूरच्या वसाहतीत नाही, प्रत्येक घरात आहे, असे त्यांनी दाखवले. समजवायला त्यांनी हिमनगाचे चित्र वापरले. पाण्याच्या वर दिसतो तो पगारी कामगार आणि मालक यांचा व्यवहार. अर्थशास्त्र तेवढेच मोजते. पाण्याखाली त्याहून कितीतरी मोठा भाग आहे: घरकाम, घरबसल्या हातकाम, असंघटित मजुरी, छोट्या शेतकऱ्याचे राबणे, वसाहतींची लूट, निसर्गाची लूट. खालचा भाग काढला तर वरचा तरंगणार नाही.

तिचा आणखी एक अंदाज आज खरा ठरताना दिसतो. हळूहळू पुरुषांच्या कामाचेही गृहिणीकरण होईल, असे तिने म्हटले होते. म्हणजे कायम नोकरी नाही, संघटना नाही, तासांचा हिशेब नाही. आज पालिकेचा कंत्राटी सफाई कामगार बघा. काम पालिकेचे, रस्ता पालिकेचा, पण माणूस ठेकेदाराचा. कालपर्यंत कायम असलेली जागा कंत्राटी झाली आणि आरक्षणही त्याबरोबर गेले.

आणि आशाताई? गावात बाळंतपणापासून लसीकरणापर्यंत सगळीकडे ती. पण तिला म्हणतात “स्वयंसेविका.” अंगणवाडीताईला मिळते ते “मानधन,” वेतन नव्हे. शब्द नीट ऐका. बाईचे काम आहे, सेवाभावाने करते, मग पगार कशाला? नरसापूरचा दलाल आणि आपले शासन यांच्या भाषेत फरक कुठे आहे? अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला 2022 साल उजाडावे लागले. उलट बाजूही बघा. घरी विड्या वळणाऱ्या बाईला 1966 सालच्या विडी कामगार कायद्याने कामगार म्हटले, कारण विडी कामगार आधी लढले होते. म्हणजे गृहिणीकरण उलटवता येते.

ज्यांना हे सगळे पुस्तकी वाटते त्यांच्यासाठी एक सरकारी आकडा. 2019 सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97 मिनिटे. हा फरक रोज तीन तासांहून जास्त आहे.

आमचे भांडण कुठे आहे

मारियाच्या उत्तरआयुष्यातल्या लिखाणाशी आमचा मतभेद आहे आणि तो लपवायचे कारण नाही. 1993 साली वंदना शिवा यांच्यासोबत तिने पर्यावरणवादी स्त्रीवादावर पुस्तक लिहिले. पुढे बेनहोल्ट-थॉमसेनसोबत तिने निर्वाहाचा दृष्टिकोन मांडला. त्याचा सारांश असा: बाजारासाठी अमर्याद माल काढणे सोडा, माणसाच्या गरजेपुरते, स्थानिक, जमिनीशी जोडलेले जगणे परत आणा. आईची डुकरीण इथे परत भेटते.

पण मारियाच्या आईकडे गोठा होता, शेत होते, डुकरीण होती. महाराच्या घरी काय होते? गावगाड्यात आमच्या पूर्वजांचा “निर्वाह” म्हणजे येसकरकी, मेलेली गुरे ओढणे आणि दारोदार मागितलेली शिळी भाकर. तिथे बाजार नव्हता म्हणून सुख नव्हते, तिथे बाजार नव्हता म्हणून पळायची वाटही नव्हती. गिरणीचा पगार, रेल्वेची नोकरी, शहरातली अनोळखी गर्दी यांनी आमच्या माणसांना पहिल्यांदा मान वर करू दिली. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जो आसूड ओढला तो उगाच नव्हता. जो विचार खेड्याकडे परत चला म्हणतो त्याने आधी सांगावे, कोणत्या खेड्यात, कोणत्या आळीत आणि कोणाच्या जमिनीवर?

बाबासाहेबांनी यावर उत्तरही दिले आहे. 1947 सालच्या “राज्ये आणि अल्पसंख्याक” या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, असा आराखडा मांडला. म्हणजे जमिनीशी नाते हवे, पण ते जातीच्या हातातून सोडवून. मारियाला जमिनीचा जिव्हाळा होता, बाबासाहेबांना जमिनीच्या मालकीचा प्रश्न दिसत होता. आम्ही बाबासाहेबांच्या बाजूला उभे आहोत.

एवढे म्हणून तिचा मूळ प्रश्न मात्र टाळता येणार नाही. शहराने आम्हाला मुक्त केले, पण शहरातल्या आमच्या घरात बाई मुक्त झाली का?

आपल्या घरातले नरसापूर

हा लेख ज्यासाठी लिहिला तो मुद्दा आता. समाजशास्त्रात एक जुने निरीक्षण आहे: कुटुंब जरा वर सरकले की पहिल्यांदा घरातल्या बायकांचे बाहेरचे काम बंद करते. आमच्या समाजातही शिकलेल्या, नोकरी लागलेल्या घरांत आता अभिमानाने सांगितले जाते, “आमच्या घरातली बाई कामाला जात नाही.” ज्या आज्यांनी शेतात, गिरणीत, बांधकामावर राबून आम्हाला शिकवले, त्यांच्या श्रमाची लाज वाटावी अशी ही भाषा आहे. नरसापूरच्या कापू बाईची जी फसवणूक झाली, तीच आपण मान म्हणून घरात आणत आहोत का? जातीने ज्यांना कधी “घरात” बसू दिले नाही, त्यांनी स्वातंत्र्य म्हणून तोच उंबरठा का मागावा? बाईला उन्हात राबावेच लागावे असे आमचे म्हणणे नाही. काम करायचे की नाही, कोणते करायचे, हे ठरवणारी ती असावी आणि घरातले काम दोघांचे असावे, एवढेच.

1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले. त्याला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले की बाईच्या कामाचा फायदा मालकाला मिळतो, म्हणून बाळंतपणाच्या खर्चाचा वाटा मालकानेही उचलला पाहिजे. बाळंतपण ही बाईची खासगी बाब आहे, तिचे तिने बघावे, हे त्यांनी मानले नाही. मारिया मीस तेव्हा जन्मलीही नव्हती. माणूस जन्माला घालणे, वाढवणे हेही अर्थव्यवस्थेचे काम आहे आणि त्याचा दाम कोणीतरी चुकवला पाहिजे, हा विचार आपल्याला परका नाही. आपण तो जयंतीच्या भाषणात ठेवला आणि घरी आणायचे विसरलो.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच. वस्तीचे सर्वेक्षण कराल तेव्हा “बाई काय करते?” हा प्रश्न बाईलाच विचारा आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तास लिहून घ्या. घरी बसून विड्या वळणाऱ्या, मणी ओवणाऱ्या, साड्यांना फॉल लावणाऱ्या बायकांचे दर लिहा, दलाल कोण ते लिहा आणि एकाच दलालाचे काम करणाऱ्या बायकांना एका विहारात एकत्र बसवा. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मोर्चात निळा झेंडा घेऊन जा. आपल्या बैठकीत चहा कोण करते आणि ठराव कोण मांडते, तेही एकदा मोजा.

शर्मिला रेगे यांनी 1998 साली दलित स्त्रीवादी भूमिका मांडताना सांगितले की ही भूमिका जन्माने आपोआप मिळत नाही, ती संघर्षातून घडवावी लागते. आयफेलच्या शेतकरी घरातली एक पोर पुण्यात शिकवायला आली आणि नरसापूरच्या बायकांकडून शिकून गेली. त्या बायका आपल्या आसपास आजही विणत, वळत, ओवत बसल्या आहेत. पुढच्या वेळी कोणी विचारले, “बाई काय करते?” तर निदान आपल्या दारातून “काही नाही” हे उत्तर जाऊ नये.

जय भीम!